बंदिस्त पोकळीतील नैसर्गिक अभिसरण : संगणकाच्या उत्तराची पारख

अभिसरण शिकविताना आपण पातेल्यातील पाण्याचे उदाहरण देतो. तेथे उष्णता खालून मिळते. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो उष्णता बाजूने मिळणाऱ्या बंदिस्त पोकळीचा. दुहेरी काचेच्या खिडकीत अडकलेली हवा हे त्याचे परिचित रूप होय. जी. के. बॅचलर यांनी १९५४ मध्ये या प्रश्नाचे गणिती विवेचन केले होते.

चौरस छेदाची पोकळी घ्या. डावी भिंत उष्ण, उजवी थंड, वरची व खालची उष्णतारोधी. उष्ण भिंतीलगतची हवा हलकी होऊन वर चढते, थंड भिंतीलगतची खाली उतरते आणि चक्राकार प्रवाह सुरू होतो. या प्रवाहाचा जोर रेले अंकावरून ठरतो. तापमानातील फरक व पोकळीच्या बाजूचा घन यांच्या तो सम प्रमाणात असतो. सामान्य तापमानाच्या हवेत १० अंशांचा फरक ठेवल्यास १ सें.मी. बाजूसाठी रेले अंक सुमारे ९०० येतो. बाजू १० सें.मी. केली की तोच सुमारे ९ लाख होतो. पहिल्या पोकळीत उष्णता जवळजवळ केवळ वहनाने जाते. दुसरीत मात्र मधला भाग बहुतांशी स्थिर राहतो आणि प्रवाह भिंतींलगतच्या पातळ सीमास्तरांत एकवटतो.

खरी अडचण येथेच आहे. रेले अंक १० लाख असताना सीमास्तराची जाडी बाजूच्या साधारण ३ टक्के असते. विद्यार्थ्याने प्रत्येक बाजूस २१ बिंदूंची समान जाळी घेतली, तर दोन बिंदूंतील अंतरच ५ टक्के होते. म्हणजे ज्या स्तरातून सारी उष्णता जाते तो जाळीला दिसतच नाही! तरीही संगणक उत्तर देतो, समताप रेषांचे रंगीत चित्रही काढतो, आणि ते चित्र प्रकल्प अहवालात शोभून दिसते.

उष्ण भिंतीतून आत आलेली उष्णता थंड भिंतीतून बाहेर पडलेल्या उष्णतेइतकी आहे, एवढे तपासून पुष्कळजण समाधान मानतात. गणनेची आवर्तने अपुरी राहिली असतील तर ही तपासणी ते दाखविते. परंतु उष्णतेची अक्षय्यता पाळणाऱ्या पद्धतीत विरळ जाळीवरही हा ताळा जमतो. जाळीची पारख त्याने होत नाही. त्यासाठी जाळी दुप्पट दाट करून नुसेल्ट अंक किती बदलतो हेच पाहावे लागते. केवळ वहन असता हा अंक १ असतो.

यासाठी एक मापदंडही उपलब्ध आहे. जी. डी व्हाल डेव्हिस यांनी १९८३ मध्ये हवेसाठी (प्रांटल अंक ०.७१) निरनिराळ्या जाळ्यांवरील उत्तरांवरून बहिर्वेशनाने सरासरी नुसेल्ट अंक काढले : रेले अंक १,००० साठी १.११८, १०,००० साठी २.२४३, १ लाखासाठी ४.५१९ आणि १० लाखांसाठी ८.८००. विद्यार्थ्याने स्वतःचा प्रश्न हाती घेण्यापूर्वी आपल्या प्रोग्रॅमने हे चारही आकडे काढून दाखवावेत, असा आग्रह मार्गदर्शकाने धरणे इष्ट. पहिला आकडा विरळ जाळीवरही सहज जुळतो, म्हणून तेवढ्यावर सही देऊ नये.

मापदंडही अंतिम नसतो. पी. ल केरे यांनी १९९१ मध्ये अधिक अचूक पद्धतीने शेवटचा आकडा ८.८२५ असा काढला. फरक सुमारे ०.३ टक्के.