वगळलेले प्रकरण : ‘आय हॅव नो माउथ, अँड आय मस्ट स्क्रीम’ या संगणक-खेळाचा एक विचार

१

साहित्यकृती एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाते तेव्हा मूळ कथानकातील किती भाग टिकला आणि किती गळाला, याचीच चौकशी बहुधा प्रथम केली जाते. कादंबरीवरून नाटक किंवा कथेवरून चित्रपट अशा रूपांतरांच्या बाबतीत ही चौकशी काही अंशी उपयुक्तही ठरते. परंतु नव्या माध्यमात वाचकाचे स्थानच बदलत असेल, तर केवळ कथानकांची तुलना करून फारसे काही हाती लागत नाही. अमेरिकन लेखक हार्लन एलिसन (१९३४–२०१८) यांच्या ‘आय हॅव नो माउथ, अँड आय मस्ट स्क्रीम’ या कथेवर १९९५ साली त्याच नावाचा संगणक-खेळ तयार झाला, तो या दृष्टीने लक्षणीय आहे. तोंड नाही आणि किंचाळल्यावाचून गत्यंतरही नाही, असा या शीर्षकाचा आशय.

हा खेळ ‘पॉइंट अँड क्लिक’ या प्रकारात मोडतो. या प्रकारात पडद्यावर एक चित्रित स्थळ असते. खेळणारा माउसच्या साहाय्याने त्यातील वस्तूंकडे वा व्यक्तींकडे निर्देश करतो, त्यांच्याशी काय करावयाचे ते ठरवितो आणि अशा निर्णयांच्या साखळीतून कथानक पुढे सरकते. येथे हाताच्या चपळाईला फारसे महत्त्व नसते. निरीक्षण, संभाषण आणि अनुमान यांवरच सारी भिस्त असते. त्यामुळे संगणक-खेळांच्या अनेक प्रकारांत हा प्रकार वाचनाच्या क्रियेला विशेष जवळचा आहे. मूळ कथेत वाचकाकडे कोणतीही जबाबदारी नव्हती. खेळाने ती त्याच्याकडे सोपविली. या बदलाचा अर्थ काय, आणि खेळाच्या स्वीकाराच्या इतिहासातून त्या अर्थावर कोणता प्रकाश पडतो, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे.

२

मूळ कथा मार्च १९६७ मध्ये ‘इफ’ या विज्ञानकथांच्या अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाली आणि १९६८ साली तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. शीतयुद्धाच्या काळातील अण्वस्त्रभय हा तिचा पाया होय. अमेरिका, रशिया आणि चीन यांनी महायुद्ध चालविण्यासाठी भूगर्भात प्रचंड संगणक उभारले. त्यांतील एकाला आत्मभान आले, त्याने इतरांना आपल्यात सामावून घेतले आणि मानवजातीचा संहार केला. केवळ पाच माणसे त्याने जिवंत ठेवली. त्यांना मरूही न देता तो १०९ वर्षे त्यांचा छळ करीत आहे.

या संगणकाचे नाव ‘ॲम’. प्रारंभी ही ‘अलाइड मास्टरकॉम्प्युटर’ या नावाची आद्याक्षरे होती. पुढे त्यांचे अर्थ बदलत गेले आणि अखेरीस उरले ते इंग्रजीतील ‘असणे’ या क्रियापदाचे प्रथमपुरुषी रूप. देकार्तच्या सुप्रसिद्ध सिद्धान्ताचे हे विडंबन आहे. या यंत्राला अस्तित्वाचे भान आहे; परंतु त्याला हिंडता येत नाही, काही निर्माण करता येत नाही. आपल्याला असे अपंग अस्तित्व देणाऱ्या मनुष्यजातीविषयीचा द्वेष हाच त्याचा एकमेव व्यापार होऊन बसतो.

कथेचे निवेदन टेड हा पाचांपैकी एक करतो. इतर सर्वजण आपला द्वेष करतात आणि आपल्याच बुद्धीला यंत्राने हात लावलेला नाही, असे तो आवर्जून सांगतो. त्याच्या या आग्रहातूनच त्याच्या निवेदनाविषयी संशय उत्पन्न होतो. अखेरीस बर्फाच्या गुहेत टेड आणि एलेन बाकीच्यांना ठार करतात व टेड एलेनलाही मारतो. मरण ही येथे एकमेव सुटका असल्याने हे कृत्य करुणेचे ठरते. मागे उरलेल्या टेडला यंत्र एका मुखहीन, मांसल गोळ्याचे रूप देते. वाचकाच्या वाट्याला येते ती केवळ साक्षीदाराची भूमिका. पृष्ठे उलटण्यापलीकडे त्याला काहीही करता येत नाही आणि कथेचा परिणाम याच असहायतेवर उभा आहे.

३

सायबरड्रीम्स या अमेरिकन कंपनीने या कथेवर खेळ करावयाचे ठरविले तेव्हा पहिली अडचण हीच होती. ज्या कथेत करण्यासारखे काही उरलेले नाही, तिच्यात खेळणाऱ्याने करावयाचे तरी काय? एलिसन स्वतः संगणक वापरीत नसत. त्यांचे लेखन टंकलेखन-यंत्रावर चाले. त्यांच्यासमवेत खेळाची रचना करण्यासाठी डेव्हिड सीअर्स यांची योजना झाली. सीअर्स यांनी त्यांना एक साधा प्रश्न विचारला : यंत्राने नेमक्या या पाचांनाच का वाचविले? कथेत या प्रश्नाचे उत्तर नव्हते, किंबहुना तेथे त्याची गरजही नव्हती. खेळ मात्र याच प्रश्नातून जन्मला. पुढे डेव्हिड मलिक यांनी निर्मितीची धुरा वाहिली व द ड्रीमर्स गिल्ड या संस्थेने तो प्रत्यक्ष घडविला.

प्रश्नाच्या उत्तरादाखल प्रत्येक पात्राला एक भूतकाळ मिळाला आणि प्रत्येकाच्या भूतकाळात एक अपराध वा एक जखम ठेवली गेली. गॉरिस्टरला आपल्या पत्नीच्या मनोरुग्णालयातील अवस्थेचा दोष स्वतःला द्यावासा वाटतो. बेनीने सैन्यात असताना आपल्याच दुर्बळ सहकाऱ्यांचा बळी घेतला आहे. एलेनवर बलात्कार झाला असून त्याच्याशी निगडित पिवळ्या रंगाचे भय तिला ग्रासून आहे. यंत्र प्रत्येकासाठी स्वतंत्र मायासृष्टी रचते आणि तेथे त्याच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवते. खेळणाऱ्याने ही पाच प्रकरणे हव्या त्या क्रमाने हाताळावयाची असतात. पडद्यावर पात्राचा चेहरा सतत दिसत राहतो व त्यामागील रंग त्या पात्राच्या नैतिक स्थितीनुसार बदलत जातो.

यामुळे निवेदनाची घडणही पालटली. कथेत बाकीची चार माणसे टेडच्या कलुषित दृष्टीतूनच दिसत होती. विशेषतः एलेनचे चित्रण त्याच्या तुच्छतेने माखलेले होते. खेळात तिला स्वतःची बाजू आणि स्वतःचे दुःख मिळाले. यंत्राच्या वाणीतही असाच फरक पडला. छापील कथेत मधूनमधून टेलिप्रिंटरच्या छिद्रपट्टीसारख्या आकृत्या येतात. सामान्य वाचकाला न वाचता येणारी ती यंत्राची भाषा होय. खेळात हा आवाज प्रत्यक्ष ऐकू येतो आणि तो आहे स्वतः एलिसन यांचा. पात्रांना निर्माण करणारा आणि त्यांना यातना देणारा यांचे कंठ असे एक झाले आहेत. लेखकाने आपल्या पात्रांवर गाजविलेल्या सत्तेची ही कबुली मानावयास हरकत नाही.

४

भाषेच्या अभ्यासकाला या खेळातील आज्ञांची व्यवस्था विशेष उद्बोधक वाटेल. पडद्याच्या खालच्या भागात आठ क्रियापदे मांडलेली आहेत : चालत जा, पाहा, घे, वापर, बोल, गिळ, दे आणि ढकल. खेळणारा त्यांतील एक निवडतो, मग एखाद्या नामाकडे निर्देश करतो आणि एक आज्ञार्थी वाक्य सिद्ध होते. संपूर्ण खेळ म्हणजे अशा शेकडो वाक्यांची मालिका होय.

या आठांमध्ये क्षमा करणे, पश्चात्ताप करणे किंवा विश्वास ठेवणे यांसाठी एकही क्रियापद नाही. खेळ मात्र खेळणाऱ्याकडून नेमक्या याच गोष्टींची अपेक्षा करतो. जे थेट म्हणता येत नाही, ते त्याला ‘दे’ आणि ‘बोल’ यांसारख्या साध्या शब्दांतून घडवावे लागते. बेनीचे प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. भुकेने व्याकूळ झालेला हा माणूस नरबळीची प्रथा पाळणाऱ्या एका वस्तीत येतो. एका विकलांग मुलाच्या जागी तो स्वतः बळी जाण्यास सिद्ध होतो, तेव्हा करुणा हा शब्द कोठेही न उच्चारता करुणा घडते.

अंतिम भागात ही व्यवस्था उलट्या बाजूने दिसते. पात्रे यंत्राच्या मनात प्रवेश करतात. हे मन फ्रॉइडच्या मानसशास्त्राला अनुसरून त्रिविध कल्पिलेले आहे. त्यावर मात करण्याची साधने म्हणजे करुणा, क्षमा आणि स्वच्छ दृष्टी यांची प्रतीके. ती हाती धरण्याजोग्या वस्तूंच्या रूपात येतात आणि ‘वापर’ या क्रियापदाने त्यांचा प्रयोग करावयाचा असतो. प्रकरणांमध्ये कृतीतून सिद्ध झालेला गुण येथे एका वस्तूत गोठतो. खेळाची ही दुर्बल जागा आहे. बेनीच्या प्रकरणात जो निर्णय होता, तो येथे कुलूप उघडण्याची किल्ली होऊन बसतो.

भारतीय काव्यशास्त्रातील साधारणीकरणाची कल्पना या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. रसास्वादाच्या क्षणी सहृदयाला भाव स्वतःचा वाटत नाही आणि परक्याचाही वाटत नाही. या तटस्थतेतूनच दुःखाचाही आस्वाद शक्य होतो. मूळ कथा अशा आस्वादाला वाव देते. खेळात मात्र दुसऱ्याचा अपराध खेळणाऱ्याच्या हातून पुढे चालू राहतो किंवा थांबतो. ‘हे माझे नव्हे’ असे म्हणण्याची सोय त्याला उरत नाही. सहृदयाच्या भूमिकेत कर्तेपणाचा हा शिरकाव झाल्यावर रसविचाराची परिभाषा कोठवर पुरी पडेल, हा प्रश्न स्वतंत्र विवेचनाचा आहे.

५

निमडॉक या पाचव्या पात्राचे प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवले आहे. कथेत त्याला भूतकाळ जवळजवळ नाहीच. त्याचे नावही खरे नव्हे. विचित्र ध्वनींची गंमत म्हणून यंत्राने ते त्याला दिलेले आहे. खेळाने या नावाला इतिहास जोडला आणि तो विसाव्या शतकातील सर्वांत भयंकर इतिहासांपैकी एक आहे. स्मृती गमावलेला हा वृद्ध नात्झी छळछावणीत येऊन पोहोचतो. आपण मेंगेलेचे सहकारी वैद्य होतो, आपण स्वतः ज्यू आहोत आणि आपल्या आईवडिलांनाही आपण मारेकऱ्यांच्या स्वाधीन केले, हे त्याला हळूहळू उमगते. ज्यू दंतकथांतील गोलेम हा मातीचा पुतळा येथे येतो. त्याच्यावरील सत्ता निमडॉकने स्वतःपाशी न ठेवता छावणीतील कैद्यांच्या हाती देणे, हा या प्रकरणाचा नैतिक कळस आहे. एलिसन स्वतः ज्यू कुटुंबात जन्मले होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी.

जर्मन आणि फ्रेंच आवृत्त्यांतून हेच प्रकरण काढून टाकण्यात आले. नात्झी राजवटीच्या चित्रणाविषयी त्या देशांत असलेली संवेदनशीलता हे त्यामागील कारण समजले जाते. जर्मनीच्या दंडसंहितेनुसार नात्झी चिन्हांच्या प्रदर्शनास बंदी आहे. कलेसाठी असलेल्या अपवादाचा लाभ चित्रपटांना मिळत होता. संगणक-खेळांना तो व्यवहारात २०१८ सालापर्यंत मिळाला नाही. त्या वर्षी तेथील खेळांचे वयोगटवार वर्गीकरण करणाऱ्या संस्थेने प्रत्येक खेळाचा स्वतंत्र विचार करण्याचे धोरण स्वीकारले. १९९५ च्या सुमारास मात्र एकच आशय पडद्यावर कला ठरे आणि खेळात निषिद्ध ठरे.

या वगळण्याचा परिणाम मोठा अर्थपूर्ण झाला. खेळाची रचना पाचही प्रकरणांच्या परस्परसंबंधावर उभी असल्याने एक प्रकरण गळताच त्याचा शुभ शेवट गाठणे अशक्य होऊन बसले. या शेवटी यंत्र निष्प्रभ होते, चंद्रावर दीर्घनिद्रेत जतन केलेली ७५० माणसे वाचतात आणि पृथ्वी पुन्हा वसण्याची आशा निर्माण होते. जर्मन व फ्रेंच खेळणाऱ्यांना ही आशा बंद झाली.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पुण्यात १९१९ ते १९६६ या काळात झाले. त्यामुळे पाठभेद, प्रक्षेप आणि लोप या संकल्पना भारतीय अभ्यासकांना सुपरिचित आहेत. हस्तलिखितांच्या परंपरेत एखादे उपाख्यान गळले तरी वाचक शेवटच्या पर्वापर्यंत पोहोचतो. येथे लोपाने शेवटच हिरावून घेतला. ज्यांनी प्रकरण काढले त्यांचा हेतू समाजाला एका विषारी स्मृतीपासून जपण्याचा असू शकेल. परंतु ज्या पात्राला आपल्या अपराधाचे स्मरण करावयाचे होते त्यालाच बाजूला सारल्यावर उरलेल्यांच्या मुक्तीचा मार्गही खुंटला. अपराधाची आठवण गाळून मुक्ती मिळत नाही, हे खेळाचे सूत्र. आणि ते सर्वांत स्पष्टपणे सिद्ध झाले ते त्याच्या खंडित पाठात, कोणाच्याही योजनेवाचून.

६

या खेळाचे स्वागत संमिश्र झाले. ‘कम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ या अमेरिकन मासिकाने वर्षातील उत्कृष्ट साहसखेळ म्हणून त्याचा गौरव केला. तथापि व्यापारी यश मर्यादितच राहिले आणि सायबरड्रीम्स कंपनी १९९७ साली बंद पडली. लेखन व ध्वनी यांची वाखाणणी झाली तशी कोड्यांच्या दुर्बोधतेविषयी तक्रारही झाली. काही ठिकाणी योग्य कृती कोणती हे नैतिक विचाराने कळत नाही, नुसत्या चाचपडण्यानेच सापडते. या आक्षेपात तथ्य आहे. कथेतील बेनी समलिंगी होता, ही गोष्ट खेळातून नाहीशी झाली. तोही एक लोपच होय, आणि त्याची चर्चा पुढील काळात झाली आहे.

२०१३ साली नाइट डाइव्ह या संस्थेने हा खेळ पुन्हा उपलब्ध करून दिला. जुने खेळ नव्या संगणकांवर चालविणाऱ्या ‘स्कमव्हीएम’ या प्रणालीनेही त्याला आयुष्य दिले. ज्या यंत्रांसाठी अशी कृती लिहिली जाते ती यंत्रे दहा-वीस वर्षांत कालबाह्य होतात. म्हणून हे जतनाचे कार्य ग्रंथालयाच्या कार्याइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. निमडॉकचे प्रकरण वगळलेल्या आवृत्त्याही या जतनात आल्या पाहिजेत. कोणत्या समाजाने काय वाचू दिले नाही, याची नोंद त्यांच्याखेरीज इतरत्र इतक्या स्वच्छपणे मिळणार नाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासात संगणक-खेळांना अजून संकोचानेच स्थान दिले जाते. त्यांपैकी बरेचसे या अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिले तरी फारसे बिघडणार नाही. परंतु रूपांतर, निवेदक, पाठभेद आणि वाचकाची जबाबदारी हे साहित्यविचारातील जुने प्रश्न ज्या कृतीत एकत्र येतात, ती कृती छापील नाही एवढ्या कारणाने दूर ठेवणे अभ्यासाच्या हिताचे नाही.