शेवटचा दिवस आणि नऊ चौकोन

आज चेन्नई सिटीचं उदाहरण घेऊ. ९ मार्च २०१९, आय-लीगचा शेवटचा दिवस. चेन्नई सिटीचे ४० गुण, ईस्ट बंगालचे ३९. चेन्नईची गाठ मिनर्व्हा पंजाबशी, ईस्ट बंगालची गोकुलम केरळशी. विजयाला ३ गुण, बरोबरीला १.

अशा वेळी मी वहीत नऊ चौकोन आखतो: एका संघाचे तीन निकाल गुणिले दुसऱ्याचे तीन. चेन्नई जिंकली तर प्रश्नच मिटला. चेन्नई हरली आणि ईस्ट बंगालने बरोबरी केली, तर दोघांचे ४०. पण गुण समान झाले की आधी आपसातले सामने बघतात, आणि ते दोन्ही चेन्नईने जिंकले होते. म्हणजे घातक चौकोन दोनच: ईस्ट बंगाल जिंकणं आणि चेन्नईची हार किंवा बरोबरी.

मग शक्यता नवात सात? इथेच आपण फसतो. सगळे चौकोन सारख्या वजनाचे नसतात. समजा, ईस्ट बंगाल जिंकण्याची शक्यता ५० टक्के, चेन्नई न जिंकण्याचीही ५०. सामने वेगळ्या मैदानांवर, म्हणून गुणाकार करायचा: धोका २५ टक्के, चेन्नईची संधी ७५. ईस्ट बंगालला ७० टक्के दिले, तर चेन्नईची संधी ६५.

मध्यंतराला चेन्नई ०-१ने मागे होती, पण तिकडेही ईस्ट बंगालचा गोल नव्हता. म्हणजे हरत असतानाही विजेती चेन्नईच! शेवटी चेन्नई ३-१ने जिंकली, ईस्ट बंगाल २-१ने. गुण ४३ आणि ४२. बरोबरी झाली असती तर करंडक कोलकात्याला गेला असता.

म्हणून आधी नियम वाचा, मग गुणतक्ता.