पेट्रोलमधला पाण्याचा मित्र

पेट्रोलमध्ये मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मिसळणे ही आपल्याकडे नवलाई नव्हे. त्यासाठी १९४८ सालीच कायदा झाला होता. तो २००० साली रद्द झाला. पण लगेच २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि बरेली येथे नव्याने प्रयोग सुरू झाले. २०२५ सालापर्यंत हे प्रमाण शंभरात वीस भागांवर येऊन पोहोचले. तेलाची आयात थोडी कमी होते, ऊस-मका पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते. गाडी रोज धावत असेल, तर टाकीतले पेट्रोल जुने होण्याची धास्तीच नको.

पण शिमग्याला गावी आलेला चाकरमानी स्कूटर पडवीत लावून मुंबईला परततो आणि थेट गणपतीत येऊन किक मारतो, त्याचे काय? मधे कोकणचा अख्खा पावसाळा गेलेला असतो!

पेट्रोल आणि पाणी यांचे हाडवैर. मद्यार्काची मात्र दोघांशीही मैत्री. थोडे पाणी आले तर तो ते पोटात घेतो. पण पाणी मर्यादेबाहेर गेले, की तो पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर टाकीच्या तळाशी जाऊन बसतो. दहा टक्के मिश्रणात ही मर्यादा लिटरला जेमतेम चमचाभर पाण्याची. वीस टक्क्यांत थोडी अधिक. गारठ्यात ती आणखी घटते. इंजिन नेमके तळातूनच इंधन ओढते, मग गाडी सुरू होणार कशी? शिवाय तो थर पत्र्याला गंजवतो. हवेतला दमटपणा हे काम सावकाश करतो; झाकणातून झिरपलेले पावसाचे पाणी झटपट.

आणि सारा दोष मद्यार्काचाच असेही नाही. निव्वळ पेट्रोलसुद्धा पडून राहिले की त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो आणि उरलेल्याचा डिंकासारखा चिकटा कार्बुरेटरची बारीक छिद्रे बुजवतो.

तेव्हा, वाचकहो, गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर टाकी ठरलेल्या खुणेपर्यंत भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरणार नाही. झाकणाचे रबर तपासा. कार्बुरेटर असल्यास मेकॅनिककडून रिकामा करून घ्या. पाणी शिरल्याचा संशय आला, तर किका मारीत बसू नका. टाकी उपसून घ्या. वरून ताजे पेट्रोल ओतल्याने तळाचे पाणी जात नाही.

आणि जास्तीचे पेट्रोल घरात साठवूच नका. पणत्या-फटाक्यांच्या दिवसांत तो डबा घरात नसलेलाच बरा.