जर्मन दुनळीचा जन्मदाखला

पुण्यात शिकारीचा शौक मोठा होता. कॅम्पातले बंगले, पेठांतले वाडे, आसपासच्या जहागीरदारांची घरं, सगळीकडे भिंतीवर शिंगं आणि कपाटात बंदूक. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीवर कडक बंधनं आली. बंदुका मात्र काही घरांत राहिल्या. त्या बहुतेक विलायती, पण मधूनच एखादी जर्मन दुनळी निघते. पोलादावर ओकची पानं, पळणारं हरीण, झुडपातून उडणारा पक्षी, असं सगळं कोरलेलं. आणि तिच्याबरोबर एक गोष्टही निघते: ‘आजोबांनी लढाईवरून आणली.’

ही गोष्ट अशक्य नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान दुसऱ्या महायुद्धात इटलीत जर्मन फौजेशी समोरासमोर लढले. यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले, नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर पराक्रम गाजवला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या घरांतली माणसं तिथे लढली, त्या घरांत युरोपातली एखादी वस्तू असणं स्वाभाविक आहे. पण गोष्ट खरी की ऐकीव, हे बंदूक स्वतः बऱ्यापैकी सांगते. ते कसं वाचायचं, हे तिच्या मालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

अशा बंदुकांपैकी पुष्कळशा थुरिंगिया प्रांतातल्या झूल या गावच्या. डोंगरातलं हे गाव कित्येक शतकं शस्त्रांवर जगलं. ‘जे. पी. सॉअर अँड सोन’ ही पेढी तिथे 1751 साली सुरू झाली, ‘मर्केल’ बंधूंची 1898 साली. सॉअरची खूण म्हणजे हातात सोटा घेतलेला रानटी माणूस. नळीवर ‘क्रुप, एसेन’ असं लिहिलेलं दिसलं की पुष्कळांना तोच बंदूक करणारा वाटतो. क्रुपने फक्त पोलाद पुरवलं. बंदूक दुसऱ्याच कुणीतरी घडवलेली असते.

आता कोरीवकाम. पोलाद मऊ असतानाच कारागीर कोरणीवर लहान हातोडीने हलके ठोके देत रेघ काढतो. उठावाचं काम असेल तर आकृतीभोवतीची जमीन खोल उतरवावी लागते, म्हणजे पान किंवा हरीण वर उठून दिसतं. एक ठोका चुकला तर तो पुसता येत नाही. कोरून झाल्यावर पुष्कळ बंदुकांचा कोरलेला भाग हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून तापवत आणि पाण्यात विझवत. त्याने वरचा थर कठीण होई आणि पोलादावर निळसर, तपकिरी ढग उमटत. आपल्या तांबट आळीत मठारलेल्या हंड्यावर प्रत्येक ठोक्याची जागा दिसते, तसंच इथेही भिंग लावलं की हात दिसतो. चांगल्या बंदुकीत स्क्रूचं डोकंही कोरलेलं असतं आणि सगळ्या खाचा एका दिशेला येतात. खाच चेपलेली, वाकडी झालेली असेल तर अडाणी हाताने बंदूक कधीतरी उघडली आहे, हे नक्की समजावं.

खरी माहिती मात्र दिसणाऱ्या भागावर नसतेच. नळ्या उतरवून उलट्या धरल्या की सपाट पोलादावर बारीक शिक्क्यांची रांग दिसते. जर्मनीत 1891 साली कायदा झाला आणि प्रत्येक बंदूक सरकारी चाचणीघरात दाबाची परीक्षा देऊ लागली. मुकुटाखाली ‘यू’ म्हणजे तपासणी झाली, ‘एस’ म्हणजे छऱ्याची नळी, ‘डब्ल्यू’ म्हणजे तोंडाशी आवळत नेलेली नळी, ‘जी’ म्हणजे आत पीळ असलेली. 1939 साली नवा कायदा झाला, 1940 पासून मुकुटाची अक्षरं गेली आणि गरुडाखाली ‘एन’ आलं. पणजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणलेल्या बंदुकीवर गरुडाखाली ‘एन’ असेल, तर ती गोष्ट तिथेच संपते. झूलच्या दोन युद्धांमधल्या पुष्कळ बंदुकांवर महिना आणि सालही ठोकलेलं असतं. ‘4 38’ म्हणजे एप्रिल 1938. याहून स्वच्छ जन्मदाखला कुठल्या जुन्या वस्तूला मिळतो?

त्याच रांगेत वर्तुळात 12 किंवा 16 असा आकडा असतो. तो बोअरचा. जर्मनांना सोळा बोअर फार प्रिय. जुन्या जर्मन बंदुकीत काडतुसाचं घर पुष्कळदा 65 मिलिमीटरचं असतं, आजचं नेहमीचं काडतूस 70 चं. ते आत सहज बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडाला की तोंड उलगडतं, पुढे जागा नसते आणि दाब वाढतो. म्हणून जाणकार आर्मररने मोजून पाहिल्याशिवाय अशी बंदूक कुणीही उडवू नये.

युद्धाचा पुरावा हा वेगळा विषय. जर्मन हवाई दलाने 1941-42 मध्ये सॉअरकडून वैमानिकांसाठी तीननळी बंदुका घेतल्या, सुमारे अडीच हजार. दोन नळ्या छऱ्याच्या, खाली एक रायफलची, सगळं ॲल्युमिनियमच्या पेटीत. त्यांवर गरुड-स्वस्तिकाचा शिक्का असतो. अशा शिक्क्यांना जगभर चढा भाव मिळतो, म्हणून ते मागाहून ठोकणारेही आहेत. पण लढाईतून आलेल्या बहुसंख्य जर्मन बंदुका सैन्याच्या नव्हत्याच. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकन फौज झूलमध्ये शिरली, जुलैत गाव रशियनांकडे गेलं. जिंकलेल्या जर्मनीत नागरिकांना घरातली शस्त्रं जमा करावी लागली. त्या ढिगाऱ्यांतल्या कोरीव दुनळ्या काही मोडल्या गेल्या, काही शिपायांनी उचलल्या. हे सारं आठवूनच बंदुकीवरच्या त्या हरणाकडे बघावं. ती बंदूक कुणाच्या तरी घरातून गेलेली वस्तू आहे.

कुणी म्हणेल, आमची युद्धकाळात पुरंदरावर किंवा नगरच्या छावणीत स्थानबद्ध असलेल्या जर्मनांकडून मिळाली. स्थानबद्ध माणसाजवळ बंदूक राहू देत नाहीत. कागद असल्याशिवाय मी ते मानणार नाही. जुना परवाना, पलटणीचं पत्र, खरेदीची पावती, तारखेचा फोटो, यांपैकी एक जरी मिळालं तरी ते शंभर आठवणींना भारी आहे.

कायद्याचंही सांगायला हवं. परवानाधारक वारला की वारसाने विलंब न लावता बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. पुणे शहरात तो अधिकार पोलीस आयुक्तांचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाच्या धरून. जुनी आहे म्हणून परवाना नको, हा समज चुकीचा. दुरुस्त करूनही जी उडूच शकत नाही, अशाच पुराणवस्तूला शस्त्र कायद्यातून सूट आहे. आणि उडते की नाही हे आपण घरी ठरवायचं नसतं.

तुमच्या घरी अशी दुनळी असेल तर दोन गोष्टी पाळा. तिला पॉलिश लावू नका, बफ तर मुळीच मारू नका. शंभर वर्षांचं कोरीवकाम दहा मिनिटांत सपाट होतं. आणि बंदूक जमा करताना आर्मररकडून नळ्या उतरवून घ्या, खालच्या शिक्क्यांचे स्वच्छ उजेडात फोटो काढा, नंबर लिहून ठेवा आणि आजोबांच्या कागदांबरोबर एकाच पाकिटात ठेवा.