ताप येण्यापूर्वीचे औषध

केमोथेरपी घेऊन रुग्ण घरी परतला की कुटुंबीय सुटकेचा निःश्वास टाकतात. वास्तविक खऱ्या सावधगिरीचे दिवस त्यानंतर सुरू होतात. बहुतेक औषधांनंतर साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्यांपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंचा पहिला प्रतिकार करतात. निरोगी प्रौढाच्या एक मायक्रोलिटर रक्तात त्या सामान्यतः १५०० हून अधिक असतात. ही संख्या ५०० च्या खाली गेली, की एरवी आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारे जंतूही रक्तात शिरून प्राणघातक ठरू शकतात.

मग ताप येण्याची वाट न पाहता आधीच प्रतिजैविक का देऊ नये? या प्रश्नाचा शोध घेणारे दोन मोठे अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. इटलीतील अभ्यासात पेशी दीर्घकाळ घटलेल्या रुग्णांना लिव्होफ्लॉक्सासिन दिले असता ताप येण्याचे प्रमाण ८५ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर आले. ब्रिटनमधील अभ्यासात तुलनेने सौम्य उपचार घेणारे रुग्ण होते. त्यांच्यात पहिल्या फेरीतील हे प्रमाण ७.९ वरून ३.५ टक्क्यांवर उतरले. म्हणजे पहिल्या गटात शंभरांतील वीस जणांचा ताप टळला, तर दुसऱ्या गटात जेमतेम चार-पाच जणांचा; गोळ्या मात्र सर्वांनाच घ्याव्या लागल्या.

म्हणूनच हे औषध सरसकट दिले जात नाही. पेशी १०० च्या खाली जाऊन सात दिवसांहून अधिक काळ तशाच राहण्याचा संभव असेल, उदाहरणार्थ रक्ताच्या तीव्र कर्करोगात किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणात, तेव्हाच प्रामुख्याने त्याचा विचार होतो. भारतात आणखी एक अडचण आहे. येथील अनेक जंतू या गटातील औषधांना आता दाद देत नाहीत. किरकोळ जुलाबासाठी चिठ्ठीविना आणलेल्या गोळ्यांचाही त्यात वाटा आहे. त्यामुळे आपल्याकडील डॉक्टर स्थानिक जंतूंचा अंदाज घेऊनच निर्णय करतात. शेजारच्या रुग्णाला गोळी मिळाली आणि आपल्याला नाही, याचा अर्थ उपचारात हयगय झाली असा नव्हे.

गोळी सुरू असेल तर अ‍ॅसिडिटीची औषधे, लोह व जस्त यांच्या गोळ्या दोन तासांच्या अंतराने घ्याव्यात, अन्यथा औषध नीट शोषले जात नाही. टाचेच्या वर स्नायुबंधात वेदना जाणवल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे.

गोळी असो वा नसो, एक नियम सर्वांना सारखाच आहे. घरात थर्मामीटर हवा. ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेल्यास, मध्यरात्र असली तरी, लगेच उपचार करणाऱ्या रुग्णालयाशी संपर्क साधून निघावे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नये. ताप उतरतो, पण संसर्ग आतल्या आत वाढत राहतो. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा वैद्यकीय दंडक आहे. सकाळपर्यंत वाट पाहण्यात हाच मोलाचा वेळ हातचा जातो.