कंपनीच्या आवारातील वाहनांत ठेवलेली अग्निशस्त्रे
कामगाराने वा अभ्यागताने परवान्याचे अग्निशस्त्र गाडीत ठेवून कारखान्याच्या वाहनतळावर आणावे की नाही, हे ठरवणारे मालकांचे नियम हा या लेखाचा विषय आहे.

अमेरिकेत हा प्रश्न मालकाचा जागेवरील अधिकार आणि नागरिकाचा शस्त्राधिकार यांच्यातील वाद ठरला. ओक्लाहोमातील एका कागद गिरणीने २००२ साली गाड्यांत शस्त्रे सापडलेल्या कामगारांना काढून टाकले. त्यानंतर २००४ मध्ये त्या राज्याने मालकांना अशी बंदी घालण्यास मनाई केली. संघीय अपील न्यायालयाने २००९ मध्ये तो कायदा ग्राह्य ठरवला.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना व्यक्तीला मिळतो, गाडीला नव्हे. शस्त्र असलेली गाडी चालकाच्या स्वाधीन केल्यास ते विनापरवाना व्यक्तीच्या ताब्यात गेले काय, असा प्रश्न उभा राहतो.

शहाडसारख्या औद्योगिक वस्तीत धोका आणखी वेगळा आहे. तेथील सेंच्युरी रेयॉनसारख्या कारखान्यांत व्हिस्कोज धाग्यासाठी कार्बन डायसल्फाइड लागतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असून सुमारे १०० अंश सेल्सिअसला ठिणगीवाचूनही पेट घेते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ मध्ये ज्वालाग्राही वायूंजवळील प्रज्वलनाची साधने दूर ठेवण्याची तरतूद होती. जेथे काडेपेटीही चालत नाही तेथे काडतूस चालण्याचा प्रश्नच येत नाही.

शस्त्र फाटकावर जमा करून घेणे सोपे वाटते. परंतु ते स्वीकारणाऱ्या पहारेकऱ्याकडेही परवाना नसतो. अधिनियमाच्या कलम २१ मध्ये जमा करण्यासाठी पोलीस ठाणे व परवानाधारक शस्त्रविक्रेता यांचा उल्लेख आहे.