राक्षस मेला, पुढे काय?

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम हदगावसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला तो टीव्हीला जोडायच्या स्वस्त डब्यातून, आणि त्यातला घरोघरी ओळखीचा झालेला वीर म्हणजे १९८५चा मारिओ. त्याचा विजय आज तपासला तर गंमत वाटते. किल्ल्यामागून किल्ले घ्यायचे, दर वेळी राजकन्या दुसरीकडेच असल्याचं ऐकायचं, आणि अखेर ती सुटली की तोच खेळ जरा अवघड होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू! २०१७च्या 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये चित्रं डोळे दिपवणारी झाली; पण गॅनन या राक्षसाला मारून खेळ पुन्हा उघडावा तर आपण त्या लढाईच्या आधीच उभे. राज्य वाचलं म्हणतात, त्या वाचलेल्या राज्यात हिंडायला मात्र मिळत नाही. हा विजय पोकळ वाटतो, कारण त्याला 'नंतर' नाही.

यावर कुणी म्हणेल, पुन्हा पुन्हा मरणाऱ्या राक्षसाला मारण्यात अर्थ तो काय असणार? पण हदगावकरांच्याच जिल्ह्यात, माहूरच्या रेणुकेच्या गडावर, दर नवरात्रात गर्दी लोटते. महिषासुर दरवर्षी मरतो आणि दसरा कुणालाच शिळा वाटत नाही. त्या विजयानंतर सीमोल्लंघन असतं, सोनं वाटणं असतं, थोरांच्या पाया पडणं असतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : खेळणाऱ्याची मेहनत खरी, हात बसायला दिवस लागतात, मग जिंकणं खोटं कसं? खोटं नाहीच. मात्र तो खेळणाऱ्याचा विजय झाला. पडद्यावरच्या वीराला त्यातून काय मिळालं, हा प्रश्न उरतोच.

व्यासांनी तो टाळला नाही. महाभारताच्या अठरा पर्वांपैकी अकराव्यापासूनची आठ युद्धानंतरची आहेत : बायकांचा आक्रोश, युधिष्ठिराला नकोसं झालेलं राज्य, शेवटी हिमालयाची वाट. खेळांत याच्या जवळ गेला तो २००५चा जपानी 'शॅडो ऑफ द कोलोसस'. एका मुलीला जिवंत करण्यासाठी वांडर सोळा महाकाय जीव मारतो. प्रत्येक वधागणिक तो स्वतःच काळवंडत जातो. ती उठते तेव्हा तो पूर्वीचा राहिलेला नसतो. इथे विजयाची किंमत दिसते, म्हणून तो मनात रुततो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' आणला तेव्हा अपेक्षा वाढल्या होत्या : जत्रेत कसरती करणारी मुलगी, हरवलेला भाऊ गोलू, महाबलासुराशी सामना आणि वरून दुर्गा-विष्णूंचं निवेदन. घडण देखणी, पण शेवट अनेकांना अर्धवट वाटला, आणि ती तक्रार रास्त आहे. ज्या भूमीत युद्धानंतरच्या कथेला आठ पर्वं मिळाली, तिथल्या खेळकर्त्यांनी पुढची कथा रचताना लढाईनंतरच्या दिवसांनाही खेळात जागा ठेवावी.